समाजसेवा सक्तीची असावी का?

चौकस: कॅनडाच्या ऑन्टॅरियो प्रांतात १९९९पासून शालान्त डिप्लोमा हवा असेल तर ४० तास समाजकार्य केल्याचं दाखवावं लागतं. माझ्या मते ही सेवा नव्हे, गृहपाठ. पोरं तास भरणार, ओळखीच्या काकांची सही घेणार, मोकळी होणार. सरकारने संधी जरूर द्यावी. मानगूट कशाला धरायची?

वाटसरू: असहमत. आपणहून येणारे बहुधा आधीच तयार असतात, खरी गरज असते ती न येणाऱ्यांना. नायजेरिया बघा. १९७०ला यादवी संपली आणि १९७३ला एनवायएससी ही राष्ट्रीय युवा सेवा योजना सुरू झाली. तिशीच्या आतल्या पदवीधराला वर्षभर सेवेला पाठवतात, तेही सहसा दुसऱ्या राज्यात. कालपर्यंत शत्रू मानलेल्यांच्या गावात वर्ष काढणं ४० तासांत होत नाही, 'वाटलं तर या' म्हणूनही होत नाही.

चौकस: उदाहरण दिलंत तर पुरतं द्या. २०११च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचारात तिथे सेवेवर असलेली काही तरुण मुलं मारली गेली. मतदान केंद्रांवर कामाला लावली होती त्यांना. सक्तीने धाडलेल्या पोराची जबाबदारी कोणाची?

वाटसरू: याला माझ्याकडे उत्तर नाही. सुरक्षितता नसेल तर पाठवूच नये, हे मान्य.

हिशेबनीस: सक्ती राहू द्या बाजूला, खर्चाचं बोला. अमेरिकेच्या अमेरिकॉर्प्स या सरकारी समाजसेवा योजनेत पूर्णवेळ सेवा म्हणजे १,७०० तास. सक्ती नाही. जेमतेम भागेल एवढा भत्ता आणि शेवटी शिक्षणासाठी रक्कम. घरून मदत असलेल्याला हे परवडतं. ज्याच्या कमाईवर घर चालतं त्याने काय करावं? जर्मनीने २०११ला सक्तीची लष्करी भरती थांबवली, तशी तिला पर्याय असलेली नागरी सेवाही गेली. वृद्धाश्रम, रुग्णालयं त्या पोरांच्या भरवशावर होती! मग त्याच वर्षी ऐच्छिक सेवा आणली, हातखर्च आणि विमा देऊन.

चौकस: म्हणजे स्वस्तात हात हवे होते. नाव सेवेचं.

वाटसरू: स्वस्तात नको असतील तर भत्ता किमान वेतनाएवढा करा. तेवढं झालं तर सक्तीचा हट्ट सोडतो.

हिशेबनीस: करा की. पण पैसा कायम मिळेल यावर विसंबू नका. इंग्लंडची एनसीएस ही तरुणांसाठीची ऐच्छिक सेवा योजना २०११ला सुरू झाली, २०२५मध्ये सरकारनेच गुंडाळली.