मदत हवी आहे: गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर आतले टाके उघडून आतडं बाहेर आलं, पुढे काळजी कशी घ्यायची?

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या आईचा आहे. वय ५४, बारा वर्षांपासून शुगर, त्यात दम्याचा जुना खोकला. फायब्रॉइडमुळे फार रक्त जायचं म्हणून जूनमध्ये दुर्बिणीतून गर्भपिशवी काढली. तिसऱ्या दिवशी ती चालत घरी आली. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत एक ओळ होती, जड उचलू नये आणि संबंध टाळावेत अशी. ती आम्हाला कुणी समजावून सांगितली नाही, आम्हीही विचारली नाही.

नवव्या आठवड्यात चार दिवस तिच्या अंगावरून गुलाबीसर पाणी जात होतं. तिने कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी संडासात कुंथताना खोकल्याची उबळ आली आणि तिने मला हाक मारली, "बघ गं, काहीतरी गरम गरम हाताला लागतंय." पाहिलं तर योनीतून बाहेर आलेलं वीतभर गुलाबी, ओलसर, चकाकणारं वेटोळं. शेजारच्या काकू म्हणाल्या, अंग बाहेर आलंय, तेल लावून आत सार. मी तेच करणार होते. पण गावातल्या डॉक्टरांनी लगेच फोन उचलला आणि अजिबात ढकलू नकोस म्हणाले. पिशवी तर काढलेली, मग अंग कुठून येणार? ते लहान आतडं होतं.

ते स्वतः आले. सलाईनने भिजवलेलं गॉज त्यावर ठेवलं, वाळू दिलं नाही. आईला गुडघे दुमडून निजवलं, पाण्याचा थेंबही द्यायचा नाही म्हणाले, सलाईन लावलं. १०८ ने नाशिकला पोचलो तेव्हा त्यातला काही भाग काळसर पडला होता. तिथल्या सर्जननी पोट उघडून, कोमट सलाईनच्या पट्ट्या ठेवून रंग परततो का पाहिलं. नाही परतला, म्हणून २० सेंमी आतडं कापून टोकं जोडली आणि व्हॉल्ट पुन्हा शिवला.

व्हॉल्ट म्हणजे काय हे मला तिथेच कळलं. पिशवीबरोबर तिचं तोंडही काढलं की योनीचं वरचं टोक टाके घालून बंद करतात. तेच उघडलं होतं. असं क्वचितच होतं, पण पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर जास्त. शुगर, खोकला आणि बद्धकोष्ठ यांनी धोका वाढतो. आईला तिन्ही होतं, आणि घरी पाठवताना एकाबद्दलही कुणी बोललं नाही. याचा मला अजून राग येतो.

आता घरी येऊन १६ दिवस झालेत. जखम बरी आहे, पण आई संडासला जायलाच घाबरते. भूक असूनही अर्धीच भाकरी खाते, खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरते. संडास मऊ व्हायचं पातळ औषध रात्री देतोय. आतडं जोडलेलं असताना इसबगोल आणि भाज्यांचा चोथा कधीपासून चालतो? इन्हेलर ती टाळते, कसं पटवलंत तुम्ही?

डॉक्टरांनी आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलंय, पाळी गेल्यावर तिथली त्वचा पातळ होते म्हणून. आईला वाटतं हार्मोनने कॅन्सर होईल. कुणी वापरलंय का? कापलेला भाग लहान आतड्याच्या अगदी शेवटचा होता. बी-१२ तिथेच शोषलं जातं, त्यामुळे ते किती दिवसांनी तपासावं, हेही इथल्या डॉक्टर मंडळींनी सांगावं.

आणखी एक. नाशिकच्या डॉक्टरांना पहिल्या ऑपरेशनची नोंद हवी आहे, व्हॉल्टला कुठला धागा वापरला, टाके कसे घातले ते. पहिलं हॉस्पिटल "डिस्चार्ज कार्ड दिलंय ना" म्हणून टोलवतंय. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात हा नियम मला माहीत आहे. भांडायचं नाही, कागद हवेत. ज्यांनी मिळवले त्यांनी अर्ज कुणाच्या नावे केला, पोच कशी घेतली?

ज्या बायकांचा व्हॉल्ट दुसऱ्यांदा शिवलाय, त्यांनी कृपया इथे किंवा माझ्या पानावर विचारपूशीत लिहा. आईला कधी कुणी विचारत नाही, पण परवा दिवे मालवल्यावर तिने हळूच मला विचारलं, "तुझ्या बाबांजवळ आता कधीच जायचं नाही का गं?" मला उत्तर देता आलं नाही. डॉक्टरांनी तीन महिने थांबा आणि त्याआधी आतून तपासून घ्या म्हटलंय. त्यानंतर तुमचं कसं झालं?