ऑल्टो सॅक्सोफोनवर ब्लूज स्केलचा सोलो सरावासारखा का वाटतो?

प्रश्न: बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) बी फ्लॅटचा, म्हणजे ऑल्टोला जी (ऑल्टोवर जी वाजवला की बी फ्लॅट ऐकू येतो). जी, बी फ्लॅट, सी, डी फ्लॅट, डी, एफ हेच स्केलचे सहा सूर ब्लूजचे बाराही बार (चार-चार मात्रांचे भाग) फिरवतो. सूर चुकत नाहीत, पण सोलो बनत नाही. काय करू?

उत्तर १: जागा सोडा. 2 बार वाजवा, 2 बार गप्प. तीच ओळ पाचव्या बारला पुन्हा, नवव्याला उत्तर. सुरुवातीला तीनच सूर घ्या, लय बदला.

उत्तर २: खरी अडचण बी फ्लॅटची आहे. जी७ या कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटात) बी नॅचरल, म्हणजे बी फ्लॅटहून अर्धा सूर वरचा साधा बी असतो, त्यामुळे लांबवलेला बी फ्लॅट तिथे खुपतो. सी७ वर मात्र तोच कॉर्डचा सूर. म्हणून जी७ वर बी फ्लॅटवरून बीवर निसटा: दोन्ही तर्जन्यांनी बी फ्लॅट धरा, उजवी उचला. डी फ्लॅटवर थांबू नका, सी किंवा डीवर उतरा. सी७ ला ई नॅचरल घातलात की कॉर्ड बदलल्याचं लगेच ऐकू येतं.

उत्तर ३: वरच्याशी सहमत. आधी ओळ गाऊन बघा. श्वास संपतो तिथेच वाक्य संपवा. सूर खालून ओढताना जबडा किंचित सैल सोडा, रीड (तोंडात धरलेली, कंप पावणारी पट्टी) चावू नका, नाहीतर स्वर चढतो.