आरएक्स १०० एवढी महाग का झाली? सोलापूर भागात रास्त भावात कुठे शोधावी?

जुळे_सोलापूरकर:
नमस्कार मंडळी. दिवाळीपासून यामाहा आरएक्स १०० शोधतोय. ऑनलाइन बघावं तर दीड लाखाच्या खाली धड गाडी नाही. होटगी रोडला एकाने नुसती पॉलिश मारलेली गाडी दाखवून एक ऐंशी सांगितले. शंभर सीसीची, तीस वर्षं जुनी गाडी! एवढा भाव कशामुळे? माझं बजेट सगळा खर्च धरून ऐंशी हजार. कागद क्लिअर पाहिजेत.

साखरपेठी:
रीलवाल्यांनी भाव चढवला. दुसरं काही नाही.

बोअरिंगवाले काका:
रील अलीकडच्या, भाव त्याच्या आधीच चढायला लागला होता. माझं अशोक चौकाकडे लेथ आहे, बोअरिंगचं, म्हणजे इंजिनाचा झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करायचं काम करतो. आरएक्सचे ब्लॉक (सिलिंडर) अजून येतात माझ्याकडे, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी १९८५ला आली, १९९६ला बंद झाली. धुराचे नियम कडक होत गेले, पेट्रोलबरोबर ऑइलही जाळणारं टू-स्ट्रोक इंजिन त्यात बसेना. म्हणजे बाजारातला माल ठरलेला. त्यातल्या कितीतरी भंगारात गेल्या, कितीतरी पोरांनी रेसिंगच्या नादात कापल्या. आणि दयानंद, संगमेश्वर कॉलेजच्या गेटवर ज्यांनी ही गाडी नुसती लांबून बघितली, ते आता पन्नाशीत आहेत, हातात पैसा आहे. त्यांना ती घ्यायचीच आहे.

अमेरिकेतल्या मसल कारचं हेच झालं. १९६४च्या पॉन्टियाक जीटीओपासून मध्यम अंगाच्या गाडीत मोठं व्ही-एट (आठ सिलिंडरचं) इंजिन बसवून तरुणांना परवडेल अशा भावात विकत होते. मग विम्याचे हप्ते वाढले, १९७०चा स्वच्छ हवेचा कायदा आला, १९७३ला तेल महागलं, आणि त्या गाड्या संपल्या. पुढे २०१४ला १९७१ची एक हेमी कुडा कन्व्हर्टिबल (प्लिमथ कंपनीची उघड्या टपाची मसल कार) लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. तसल्या त्या वर्षी फक्त ११ बनल्या होत्या. तिथेही पहिला प्रश्न हाच, की इंजिन आणि चासीस मूळ जोडीचे आहेत का. पण त्याच घराण्यातली सहा सिलिंडरची नाहीतर चार दारांची गाडी घ्या, किंमत एकदम खाली येते, कारण पोस्टरवर ती कधी नव्हती.

तुम्ही पण तेच करा. आरएक्स १००चं नाव सोडा आणि यामाहाच्याच आरएक्सजी, आरएक्स १३५ बघा. सुझुकी समुराई, शोगन, कावासाकी केबी १०० पण बघा. चालवायला मजा तीच, भाव कमी.

शंभरच पाहिजे असेल तर जाहिराती बघू नका. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडे साखर कारखान्यातले नाहीतर शाळेतले रिटायर लोक असतात, पहिल्याच मालकाची गाडी गोठ्यात पोत्याखाली पडलेली असते. तिथल्या जुन्या मेकॅनिकला विचारा, त्याला सगळं माहीत असतं. रंग उडालेली गाडी घ्या. चकचकीत गाडीच्या रंगाखाली काय वेल्डिंग केलंय ते दिसत नाही.

आता माझ्या कामाचं. आरएक्स १००चा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर. प्रत्येक बोअरिंगला पिस्टन पाव मिलिमीटरने मोठा बसतो, आणि पॉइंट शंभरपर्यंत, म्हणजे मूळ मापापेक्षा एक मिलिमीटर मोठा गेला की ब्लॉक संपत आला समजा. टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या झाकणात) व्हॉल्व्ह नसतात. चार नट सोडले की पिस्टनचा माथा दिसतो, त्यावर साइजचा आकडा कोरलेला असतो. मालक हेड उघडू देत नसेल तर घरी या. तिथे थांबूच नका.

भगवंतनगरी:
दादा, इंजिनाच्या आधी कागद. मी बाबांच्या येझदीचं रिपासिंग स्वतः केलंय, म्हणून सांगते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, फॉर्म २५, शिवाय पर्यावरण कर. ते मालकाच्या नावावर आधी करून घ्या, मगच पैसे द्या. मालक वारले असतील तर फॉर्म ३१ आणि वारसांची कागदपत्रं. सोलापूरकडे हीच अडचण जास्त, कारण गाडी आजोबांच्या नावावर असते आणि मुलं पुण्यात. कर्नाटकातली, इंडी-विजापूरकडची स्वस्त गाडी दिसली तरी एनओसी आणि इथला टॅक्स हिशेबात धरा. चासीस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा.

जुळे_सोलापूरकर:
काका, ताई, मनापासून आभार. मोहोळजवळ एका निवृत्त गुरुजींची आरएक्सजी आहे असं कळलंय, पहिलेच मालक. रविवारी जातोय. जाऊन सगळ्यात आधी काय बघू?

बोअरिंगवाले काका:
आदल्या दिवशी फोन करून सांगा, की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा, थंडच पाहिजे. मग किक मारा. गरम इंजिन कसंही सुरू होतं, झिजलेलं थंडपणी दम काढतं. नंतर हेड उघडा आणि पिस्टनचा फोटो इथे टाका, मी आकडा बघून सांगतो.