जिम फॉक्स खेळाडू म्हणून कसा होता?

मधुरा_नाशिक: नमस्कार मंडळी. माझा मुलगा तलवारबाजी शिकतो, पोहतोही छान. त्याचे सर म्हणतात, मॉडर्न पेंटॅथलॉनचा, म्हणजे पाच खेळांच्या एकत्रित स्पर्धेचा, विचार करा. वाचायला बसले तर जिकडेतिकडे १९७६च्या माँट्रिअल ऑलिंपिकमधली सोव्हिएत खेळाडू ओनिश्चेन्कोची फसवणूक. ती ज्यानं पकडली त्या जिम फॉक्सबद्दल फारसं काही सापडत नाही. कुणाला माहिती आहे?

एपे_सर: मधुराताई, मी संभाजीनगरला मुलांना एपे (तलवारबाजीतली एक तलवार) शिकवतो. फॉक्सची गोष्ट मी त्यांना नेहमी सांगतो, पण सुरुवात फसवणुकीपासून करत नाही. हा ब्रिटिश लष्करातला माणूस. टोकियो १९६४पासून सलग चार ऑलिंपिक खेळला. म्युनिकला १९७२ मध्ये वैयक्तिक स्पर्धेत चौथा! पदकाच्या इतक्या जवळून परतल्यावरही घोडेस्वारी, तलवारबाजी, नेमबाजी, पोहणं, धावणं या पाचही गोष्टी त्यानं आणखी चार वर्षं चालू ठेवल्या. मला त्याचा मोठेपणा इथे दिसतो.

आता माँट्रिअल. पेंटॅथलॉनमध्ये लढत एकाच स्पर्शाची असते आणि तलवारीचं टोक लागलं की दिवा पेटतो, त्यामुळे एक खोटा दिवा म्हणजे अख्खी लढत गेली. लढतीआधी एपेच्या टोकावर ७५० ग्रॅमचं वजन ठेवतात, टोकाच्या स्प्रिंगनं ते उचललं पाहिजे. ओनिश्चेन्कोनं तर तलवारीच्या मुठीतच कळ बसवून घेतली होती, टोक कुठेही न लागता दिवा पेटायचा. फॉक्स मागे सरकला होता, तरी दिवा पेटला. त्यानं तिथल्या तिथे हरकत घेतली. ओनिश्चेन्को बाद झाला आणि तिघांतला एक गेल्यानं सोव्हिएत संघही सांघिक स्पर्धेतून बाहेर पडला.

म्हणून ब्रिटनला सुवर्ण आयतं मिळालं असं कुणी म्हटलं की मला राग येतो. शेवटच्या दिवशी ४००० मीटर धावायचं होतं. ब्रिटनचाच एड्रियन पार्कर त्यात पहिला आला. डॅनी नाइटिंगेल आणि ३४ वर्षांचा फॉक्सही त्याच्या जोडीला होते. चेकोस्लोव्हाकिया आणि हंगेरी मागे राहिले. या खेळातलं ब्रिटनचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. बीबीसीनं त्या वर्षीचा सर्वोत्तम संघ म्हणून त्यांनाच गौरवलं.

ठाण्याचा_धावपटू: सांघिक स्पर्धा १९९२ नंतर ऑलिंपिकमधून गेलीच. मुलाला इजिप्तचा अहमद एलगेंडी दाखवा. टोकियो २०२० मध्ये रौप्य, पॅरिस २०२४ मध्ये १५५५ गुणांच्या विश्वविक्रमासह सुवर्ण. पॅरिसमध्ये इजिप्तला मिळालेलं तेवढं एकच सुवर्ण.

मधुरा_नाशिक: खूप आभार, सर. पण घोडेस्वारीचं कसं करायचं? आम्हाला परवडणार नाही.

एपे_सर: ताई, ती काळजी मिटली. पॅरिसनंतर घोडेस्वारी काढून अडथळ्यांची शर्यत आणली आहे. तलवार त्याच्या हातात आहेच, आता पोहण्याबरोबर धावणंही सुरू करा. नेमबाजी लेझर पिस्तुलानं आणि धावण्याच्या मध्येमध्ये करायची असते, त्यामुळे धापा टाकत असताना हात स्थिर ठेवायची सवय लागते. ते मात्र शिकवणारा माणूस बघूनच सुरू करा.