अनुभव धागा: वसंतातली फुलपाखरे आणि चुकलेली ओळख

करवंदीला फुले आली आणि पळस फुलला, की आम्हां चौघा मित्रांची एक सहल ठरलेलीच असते. यंदा फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही आंबोली घाटाच्या पायथ्याशी दोन दिवस होतो. घाणेरीच्या एका झुडपावर काळे, मागच्या पंखांवर पांढरा डाग आणि कडेला लाल टिकल्या असलेले फुलपाखरू बसले होते. चौघांनीही एकमताने ते ‘कॉमन रोझ’ ठरवले आणि मी त्याचे चाळीसेक फोटो काढले. रात्री खोलीवर ते पडद्यावर मोठे करून पाहताना आमच्यातला सर्वांत कमी बोलणारा मित्र म्हणाला, “पंख रोझचे आहेत, पण अंग काळे कसे?” कॉमन रोझचे डोके आणि पोट लालभडक असते. आमच्या फोटोतले पोट कोळशासारखे काळे होते. ती ‘बहुरूपी’ची, म्हणजे कॉमन मॉर्मनची मादी होती. या जातीच्या काही माद्या नरासारख्याच दिसतात, काही कॉमन रोझचे रूप घेतात, तर काही क्रिमसन रोझचे. रोझची अळी ईश्वरीच्या वेलीवर वाढते आणि त्या वेलीतली विषारी द्रव्ये अंगात साठवते, त्यामुळे पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. बहुरूपीची अळी मात्र आपल्या परसातल्या लिंबावर आणि कढीलिंबावर वाढते. तिच्याजवळ तसे विष नसते, असते ती फक्त उसनी वेशभूषा.

मित्रांबरोबरच्या वसंतातल्या भटकंतीत आपल्यालाही असे कोणी फसवले असेल, तर कृपया सविस्तर लिहावे. ठिकाण, महिना, फुलपाखरू कोणत्या झाडावर होते आणि खरी ओळख नेमकी कशावरून पटली, एवढे आवर्जून यावे. नुसता “किती सुंदर!” असा अभिप्राय नसला तरी चालेल.

ठाण्याहून:
येऊरच्या जंगलात मार्चमध्ये आम्ही पाच मैत्रिणी गेलो होतो. पायवाटेवरच्या पाचोळ्यातून एक पान उडाले आणि चार हातांवर जाऊन पुन्हा पान होऊन बसले. फुलपाखरू तपकिरी, कडा कोनदार, पंखांवर एकही डोळा नाही. आमच्यातल्या एका ताईंनी ‘कॉमन इव्हनिंग ब्राऊन’ असे सांगितले, तेव्हा मी ठामपणे विरोध केला, कारण मागच्या जुलैत भातखाचराच्या बांधावर मी स्वतः टिपलेल्या इव्हनिंग ब्राऊनच्या पंखांच्या कडेला ठसठशीत डोळ्यांची रांग होती. वाद डबे उघडेपर्यंत चालला. घरी येऊन दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि माहिती वाचली, तेव्हा ताईच बरोबर ठरल्या. पावसाळ्यात जन्मलेल्या पिढीला डोळे असतात, तर कोरड्या दिवसांतल्या पिढीला ते जवळजवळ नसतातच, कारण तेव्हा तिला वाळल्या पानांत मिसळून जायचे असते. शिवाय या कोरड्या पिढीतही छटा इतक्या बदलतात, की त्या दिवशी टिपलेली तीन फुलपाखरे मी तीन वेगळ्या जातींची म्हणून नोंदवून मोकळी झाले होते. आता मी फोटोच्या नावात महिना आधी लिहिते आणि जात नंतर.

फोंड्याहून:
मोलेच्या अभयारण्यात मार्चमध्ये ओढे आटतात आणि पात्रात मधेमधे ओल्या वाळूचे पट्टे उरतात. अशाच एका पट्ट्यावर निळ्या-हिरव्या पंखांची तीसेक फुलपाखरे दाटीवाटीने बसली होती. माझा मित्र उत्साहाने उभाच्या उभा पुढे गेला, त्याची सावली त्यांच्यावर पडली आणि सगळा थवा उठला. आम्ही मुकाट्याने खडकावर बसून राहिलो. पंधरा मिनिटांत ती परत आली, आणि तीही नेमक्या त्याच वितभर जागेवर. या वेळी आम्ही सूर्य समोर ठेवून, म्हणजे आपली सावली मागे पडेल अशा बेताने, कोपरांवर सरपटत गेलो. चिखलपान करणारी ही मंडळी बहुतेक नर असतात. त्यांना पाण्यापेक्षा त्यातले क्षार, मुख्यतः सोडियम हवे असते, आणि काही जातींत ते मिलनाच्या वेळी मादीपर्यंत पोहोचते. जवळून पाहिले तेव्हा एक गोष्ट दिसली, जी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. सोंड वाळूत रुतलेली आणि पोटाच्या टोकातून दर थोड्या वेळाने एक पारदर्शक थेंब उडत होता. पाणी आत, क्षार गाळून घेतले, पाणी बाहेर!

ओळखीबद्दल सांगायचे, तर आम्ही सगळ्यांनाच ‘कॉमन ब्लूबॉटल’ म्हणत होतो. फोटोत मात्र दोन जाती निघाल्या. ब्लूबॉटलच्या पुढच्या पंखावर निळ्या पट्ट्याशिवाय काही नसते. ज्यांच्या पुढच्या पंखावर पट्ट्याखेरीज ठिपक्यांच्या आणखी ओळी होत्या, ते ‘कॉमन जे’ होते. आणि हो, सर्वांत मोठी गर्दी होती ती गुरांनी मूत्र केलेल्या जागी. तिथले फोटो उत्तम आले आहेत, पण घरी दाखवताना मी ठिकाणाचा तपशील सांगत नाही.

नागपूरजवळून:
माझा अनुभव छोटा आहे. गव्हाच्या बांधावर नारिंगी फुलपाखरू दिसले आणि आम्ही ‘प्लेन टायगर’ म्हणून पुढे निघालो. मित्राचे काका सोबत होते, शेती करणारे. ते म्हणाले, “थांबा, ती घोळीवर अंडी घालून राहिली.” प्लेन टायगर अंडी घालते ती रुईसारख्या चिकाच्या झाडांवर, घोळीच्या भाजीवर नव्हे. मागे फिरून फोटो काढले. मागच्या पंखाच्या मधोमध प्लेन टायगरला असणारे तीन-चार काळे ठिपके नव्हते, वरच्या कडेला फक्त एक होता. ती ‘डॅनेड एगफ्लाय’ची, म्हणजे छोट्या चांदव्याची मादी निघाली. तिचा नर काळा, पांढऱ्या चांदव्यांचा. दोघे एका जातीचे आहेत यावर काकांचा अजून विश्वास बसलेला नाही.

इंग्लंडहून:
दक्षिण इंग्लंडात आम्ही चार मराठी कुटुंबे एप्रिलमध्ये एकत्र फिरायला जातो. इथे ‘ऑरेंज टिप’ हे वसंताचे फुलपाखरू आहे. नराच्या पंखांची टोके नारिंगी असतात, त्यामुळे मुलेही ते लांबून ओळखतात. मादीला नारिंगी रंग मुळीच नसतो, म्हणून तीन वर्षे आम्ही तिला ‘स्मॉल व्हाइट’ समजून दुर्लक्षित करत आलो. यंदा ढग आले, एक पांढरे फुलपाखरू पंख मिटून फुलावर बसले, आणि पंखांच्या खालच्या बाजूला शेवाळासारखी हिरवी नक्षी दिसली. खूप मोठे करून पाहिले, तर तिथे हिरवा रंग नाहीच. पिवळे आणि काळे खवले शेजारी-शेजारी असल्याने डोळ्यांना तो हिरवा भासतो. त्याच झाडावर फुलाच्या देठाला तिचे नारिंगी अंडे होते. सहसा ती एका फुलोऱ्यावर एकच अंडे ठेवते, कारण अळ्या एकमेकींना खातात. पुण्यातील टेकड्यांवर आम्ही पाहिलेली ‘पेंटेड लेडी’ इथेही उन्हाळ्याच्या तोंडावर दक्षिणेकडून येते. ती दिसली की आमच्यापैकी कोणीतरी “आपल्याकडची आली” असे म्हणतेच.

धागा सुरू करणाऱ्याकडून:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. नागपूरकरांच्या काकांना माझा नमस्कार कळवावा. आम्ही फोटोत पंख पाहत राहिलो आणि त्यांनी झाड पाहिले. ठाण्याच्या ताईंचा महिना आधी लिहिण्याचा शिरस्ता मी आजपासून उचलत आहे. माझ्याकडून एक भर: आता मी प्रत्येक फुलपाखराचा पहिला फोटो लांबूनच घेतो आणि मग एकेक पाऊल पुढे सरकतो. पंख उघडे आणि मिटलेले असे दोन्ही मिळेपर्यंत जागा सोडत नाही, कारण निळ्या कुळातल्या चिमुकल्या फुलपाखरांची ओळख बहुधा पंखांच्या खालच्या ठिपक्यांवरूनच ठरते. हे मला उशिरा कळले. आंबोलीच्याच सहलीत टिपलेल्या एका ‘ग्रास ब्लू’चे माझ्याकडे सतरा फोटो आहेत आणि सतराही वरून घेतलेले आहेत. संग्रहात त्याच्यापुढे “ग्रास ब्लू, जात अनिश्चित, फेब्रुवारी” एवढेच लिहून ठेवले आहे.