'थोरले बाजीराव' : थोरले म्हणजे आधीचे की महान?

शब्दवेल्हाळ
एका पर्यटन पुस्तिकेचं मराठीतून इंग्रजीत भाषांतर करते आहे. शनिवारवाड्याच्या मजकुरात वाक्य आहे : 'थोरल्या बाजीरावांनी १७३० मध्ये वाड्याचा पाया घातला.' मी 'बाजीराव द एल्डर' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'बाजीराव द ग्रेट' केलं आणि समासात शेरा मारला, 'थोर म्हणजे महान.' शेरा मला लागला. आमच्या घरात थोरला म्हणजे आधी जन्मलेला, एवढंच ऐकत वाढले. पुढच्याच पानावर थोरले माधवराव आहेत, तेही आता ग्रेट होणार. शेवटच्या प्रकरणात 'दुसरा बाजीराव' येतो, त्याला मात्र 'सेकंड'. एक ग्रेट आणि एक सेकंड, मग वाचक विचारणारच की पहिला कुठे गेला? शुक्रवारी पानं द्यायची आहेत. काय लिहू?

पारावरून
तुमचंच बरोबर. थोर वेगळा, थोरला वेगळा. आपण 'थोर पुरुष' म्हणतो, 'थोरला पुरुष' म्हणत नाही. 'ला' लागला की तुलना आलीच : पुढला-मागला, वरला-खालला, तसा थोरला-धाकला. एक म्हटला की दुसरा मनात असतोच. देवासचं संस्थान बघा. १७२८ मध्ये तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांनी ते उभं केलं, पुढे त्याच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. एक पाती महान आणि दुसरी सामान्य, असं कोणी म्हणत नाही. इंग्रजांनीसुद्धा सीनियर आणि ज्युनियर असंच लिहिलं.

मावळतीचा वारा
इतकं सरळ नाही. धाकटा असल्याशिवाय थोरला होत नाही म्हणता, मग 'धाकटे बाजीराव' कोण म्हणतं? 'धाकटे माधवराव' कोण म्हणतं? एकाला दुसरा म्हणतात, एकाला सवाई. जोडीतला अर्धा शब्द वापरातच नसेल तर उरलेल्या अर्ध्याचा अर्थ सरकतो. आज शाळेतलं मूल 'थोरले बाजीराव' ऐकतं तेव्हा त्याला पराक्रमीच ऐकू येतं. लोक ज्या अर्थाने वापरतात तो अर्थ. संपादकांना इतकं चूक ठरवू नका.

बोरू आणि दौत
मोडी कागद वाचतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. त्या काळच्या लोकांना हा प्रश्न पडतच नव्हता, कारण ते बापाचं नाव लावत. पहिले बाजीराव म्हणजे 'बाजीराव बल्लाळ', दुसरे म्हणजे 'बाजीराव रघुनाथ'. तसेच 'माधवराव बल्लाळ' आणि 'माधवराव नारायण'. शिक्क्यातही हेच, 'मुख्य प्रधान' या शब्दांच्या आधी. बल्लाळ म्हणजे बाळाजीचा मुलगा. त्यात गंमत अशी की बाजीराव आणि माधवराव दोघेही बल्लाळ, पण बाळाजी दोन. एक बाळाजी विश्वनाथ, दुसरे बाळाजी बाजीराव म्हणजे नानासाहेब. आजोबाचं नाव नातवाला आलं आणि पुढच्या पिढीच्या सहीत पुन्हा तेच बल्लाळ उमटलं.

आता 'थोरले' हा शब्द. आज्ञापत्रात, म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या राजनीतीवरच्या ग्रंथात, शिवाजी महाराजांचा उल्लेख 'तीर्थरूप थोरले कैलासवासी स्वामी' असा येतो. तीर्थरूप हा घरातल्या वडीलधाऱ्यासाठीचा मायना. त्याच्या शेजारी बसलेला थोरले मी तरी वडीलकीचाच वाचतो. मल्हार रामराव चिटणीसांनी लिहिलेली चरित्रंही 'थोरले शाहू महाराज' आणि 'धाकटे शाहू महाराज' अशा नावांनी छापली गेली. तेव्हा धाकटे कोणी म्हणत नव्हतं, हे मला मान्य नाही.

मावळतीचा वारा
@बोरू आणि दौत, आज्ञापत्राचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. राज्य ज्याने निर्माण केलं त्याच्याबद्दलचं ते वाक्य आहे. तिथे थोरले म्हणताना लिहिणाऱ्याच्या मनात फक्त वंशावळ होती?

बोरू आणि दौत
फक्त वंशावळ होती असं नाही म्हणत. पण त्याच घराण्यात ताराबाईंचा मुलगा, तोही शिवाजी, तेव्हा हयात होता. एका घरात एका नावाचे दोन झाले की ओळखीचा शब्द लागतो.

ओटीवरची
आमच्या घरातलं सांगते. माझ्या थोरल्या काकू धाकट्या काकूंपेक्षा सहा वर्षांनी लहान होत्या. मोठ्या काकांचं दुसरं लग्न, म्हणून. तरी सगळं गाव त्यांना 'थोरल्या बाई' म्हणे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला पहिलं कुंकू त्यांना लागायचं आणि वयाने मोठ्या असलेल्या धाकट्या काकू परात धरून मागे उभ्या असायच्या. कैरीच्या डाळीची वाटीसुद्धा आधी थोरल्यांच्या हातात. म्हणजे थोरलं हे वय नाही आणि मोठेपणही नाही, ती जागा आहे. थोरले माधवराव २७ व्या वर्षी थेऊरला वारले. सत्ताविशीतल्या माणसाला थोरले म्हणताना मला आमच्या काकू आठवतात.

पारावरून
@ओटीवरची, हे सगळ्यात पटलं. आयुष्याची वर्षं मोजलीत तर थोरले बाजीराव ३९ वर्षं जगले आणि दुसरे ७६.

अमृतातेंही
व्युत्पत्ती कोणी पाहतच नाही. थोर हा शब्द 'स्थविर' पासून आला. स्थविर म्हणजे वृद्ध, वडील. पालीत थेर. म्हणजे मुळातच थोर हा वयवाचक शब्द, महान हा अर्थ मागाहून चिकटला. प्रश्न संपला.

बोरू आणि दौत
स्थविरचा थेर होतो, थोर नाही. थोर आला स्थूलपासून, हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात तो तसाच दिला आहे. मूळ अर्थ आकाराने मोठा. तुकोबांचं 'ऐरावत रत्न थोर, त्यासी अंकुशाचा मार' आठवा. हत्ती वयाने थोर नाही, अंगाने थोर आहे आणि रत्नांत गणलेला म्हणूनही थोर आहे.

अमृतातेंही
ए चा ओ होत नाही हे मान्य. पण दोन शब्द कानाला जवळ आले की अर्थ एकमेकांत मिसळतात. माझं म्हणणं मी मागे घेत नाही.

शेजारगाव
आपल्या गावांच्या नावांतही हेच बसलं आहे. वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द. बुद्रुक म्हणजे फारसीतला बुजुर्ग आणि बुजुर्गाचा अर्थ मोठाही, वडीलही. बुद्रुक गाव आधी वसलं की ते मोठं होतं, यावर गावागावांत अजून वाद चालतात. फारसीला जे वेगळं करावंसं वाटलं नाही ते मराठीने करावंच, असा आग्रह का?

मांडवीकाठ
गोव्यातून. कोंकणीत व्हडलो म्हणजे मोठाही आणि वडील भाऊही. आम्हांला कधी अडलं नाही, कारण आम्ही त्याचं इंग्रजी करायला जात नाही. :)

शुद्धमती
मला वेगळंच खटकतं. 'पहिला', 'दुसरा' ही राजांना नंबर घालण्याची रीत आपली नव्हे, ती इंग्रजी इतिहासाच्या पुस्तकांतून आली. लिहायचंच तर 'प्रथम' आणि 'द्वितीय' लिहा, निदान भारदस्त वाटतं.

मावळतीचा वारा
नंबर परके असतील तर ते संस्कृतात घातल्याने आपले कसे होतील? आणि 'द्वितीय बाजीराव' म्हणून बघा, तोंडाला कसं लागतं ते.

घडीचा कागद
नंबर, थोरले, सगळं बाजूला ठेवा आणि वचन बघा. 'थोरले बाजीराव' आदरार्थी अनेकवचनात, 'दुसरा बाजीराव' एकवचनात. 'थोरले बाजीराव गेले', 'दुसरा बाजीराव गेला'. एकाच गादीवरचे दोन पेशवे. १८०२ चा वसईचा तह, मग १८१८ मध्ये पेशवाईचा शेवट, मग वर्षाला आठ लाखांचा तनखा घेऊन बिठूरला राहणं, हे सगळं आपण त्या एका 'ला' मध्ये ओतलं आहे. मी पाचवीत होतो तेव्हा बाईंनी फळ्यावर 'दुसरे बाजीराव' लिहिलं होतं. मागच्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, बाई, चुकलं. वर्गातल्या कोणालाच ते बरोबर वाटत नव्हतं. बाईंनी खडूने 'रे' चा 'रा' केला. मला तो खडू अजून दिसतो. आता मी जाणीवपूर्वक 'दुसरे बाजीराव' लिहितो. पराभवाचा हिशेब व्याकरणात ठेवू नये असं मला मनापासून वाटतं.

पारावरून
मी 'दुसरा'च लिहीन. लोकांनी 'पळपुटा' म्हटलं ते उगाच नाही.

शब्दवेल्हाळ
सगळ्यांचे आभार. @घडीचा कागद, पाहिलं, पुस्तिकेतही तसंच आहे, 'थोरले... यांनी' आणि 'दुसऱ्या... ने'. इंग्रजीत हे उतरणारच नाही. पण माझा प्रश्न तसाच आहे. एल्डर की ग्रेट?

ओटीवरची
एल्डरच. प्लिनीला मराठीत आपण 'थोरला प्लिनी' आणि 'धाकटा प्लिनी' म्हणतोच ना? ते मामा-भाचे, आपले थोरले माधवराव आणि सवाई माधवराव चुलते-पुतणे, एवढाच फरक. उलट्या वाटेनेही तोच शब्द जाईल.

अजिंक्यताऱ्याखाली
आज्ञापत्रात थोरले म्हणजे शिवाजी महाराज असतील, पण आमच्या साताऱ्याच्या घरात आजोबा 'थोरले महाराज' म्हणाले की ते शाहू. १७०८ मध्ये राज्याभिषेक झाला ते, शहर वसवणारे. कोल्हापुरात दिलेल्या बहिणीच्या घरी शाहू म्हटलं की फक्त राजर्षी. मागच्या दिवाळीला दोन्ही नातवंडं एकत्र बसली होती. एकाने सांगितलं, शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाई दिली. दुसऱ्याने सांगितलं, शाहूंनी १९०२ मध्ये पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. मग दोघं भांडली, की एक माणूस दोनशे वर्षं कसा जगेल. थोरले हा शब्द त्यांना कोणी दिलाच नव्हता. आणि खरं तर तोही पुरला नसता, कारण कोल्हापूरचे शाहू कोणाचे धाकटे नाहीत. ते कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव, १८८४ मध्ये दत्तक आले तेव्हा शाहू झाले.

घडीचा कागद
आणि साताऱ्याच्या शाहूंचंही मूळ नाव शिवाजीच होतं ना? औरंगजेबाने 'हा साव' म्हटलं आणि त्याचा शाहू झाला, अशी कथा ऐकली आहे.

अमृतातेंही
ती कथाच असावी. शहाजी आणि शरीफजी ही नावं अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसाने ठेवली असं सांगतात. घरात शाह आधीपासूनच होता, मग साव शोधायला कशाला जायचं?

अजिंक्यताऱ्याखाली
साव घराघरात सांगतात, सहज टाकून देऊ नका. आणि आता आलंच आहे तर सवाईचंही बघा. चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. सवाई म्हणजे सव्वापट. ते थोरल्या माधवरावांच्या सव्वापट म्हणून, की जयपूरच्या सवाई जयसिंगांसारखी नुसती पदवी म्हणून?