धुळ्यात घरामागे पटिंग ग्रीन : माझं मत, करावं

देवपूरकर (धुळे)
आमच्या घरामागे साधारण ३० बाय १५ फुटांची जागा आहे. तिथे कृत्रिम गवताचं पटिंग ग्रीन, म्हणजे गोल्फचा चेंडू हलक्या फटक्याने घरंगळवत होलमध्ये घालायच्या सरावाची जागा, करायचं मनात आहे आणि घरात, शेजारी सगळ्यांचा विरोध आहे. मुलगी गोल्फ शिकतेय. खेळायला जायचं तर नाशिक, दीडेकशे किलोमीटर. रोज कोण नेणार? पण ज्या भागाला रोजचा हात लागतो, तो घरी होऊ शकतो. पार ७२ च्या, म्हणजे १८ होल ७२ फटक्यांत पुरे व्हावेत असं धरलेल्या मैदानावर दर होलला दोन पट (ग्रीनवरचे घरंगळते फटके) धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके ग्रीनवरचेच. अदिती अशोक २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. तिचा ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) इतरींपेक्षा आखूड, ती लढली पटिंगवर. आपल्याकडच्या पोरीला मैदान नाही म्हणून खेळच नाही, हे मला मान्य नाही. तुमची मतं सांगा.

तापीकाठ (भुसावळ)
भाऊ, मे महिनामा ऊन कसं ऱ्हास, माहीत शे ना तुमले? पारा ४५ वर जातो तेव्हा कृत्रिम गवताचा पृष्ठभाग साठच्या पुढे तापतो. मातीतून, झाडातून ओलावा उडतो म्हणून परसात थोडा गारवा असतो. प्लॅस्टिकमधून काय उडणार? त्या झळा मागच्या खोल्यांत येणार. पाणी मारलं तर थोडा वेळ थंड, की पुन्हा तापलं. आणि परस म्हणजे नुसती रिकामी जागा नव्हे. तिथे कढीपत्ता असतो, शेवगा असतो, उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळतात, मिरची पसरतात. एका खेळासाठी बारा महिन्यांची जागा झाकून टाकायची, हे मला पटत नाही. मुलीला पट्टीसारखी पटिंग मॅट आणा, हॉलमध्ये अंथरा, खेळून झालं की गुंडाळा.

देवपूरकर
ताई, मॅटवर हात सरळ चालायला शिकतो, पण उतार वाचायला शिकत नाही. चेंडू डावीकडे किती वळेल, वर चढताना किती जोर लागेल, हे सपाट पट्टीवर कळत नाही. पटिंगमधलं निम्मं काम डोळ्यांचं आहे. उन्हाचं म्हणाल तर भर दुपारी तसंही कोणी खेळत नाही. हे गवत पातळ असतं, सूर्य कलला की मातीपेक्षा लवकर निवतं.

रावेरवाला
खरंच गवत का लावत नाही? केळीला ठिबक करतो तसं दूर्वांना फॉगर (बारीक तुषार सोडणारं) लावा.

देवपूरकर
दादा, खऱ्या ग्रीनवरचं गवत तीन-चार मिलिमीटरला, जवळपास रोज कापावं लागतं. त्यासाठी यंत्र वेगळं, माणूस वेगळा, पाणी वेगळं. आमच्याकडे नळ दिवसाआड आला तरी नशीब. पिण्याच्या पाण्यावर गवत पोसायला मन होत नाही.

मुरूम-खडी (जळगाव)
बांधकामात आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. माझं मत करावं असंच आहे, पण तुमची खरी लढाई उन्हाशी नाही, काळ्या मातीशी आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट गवत अंथरलं तर पहिल्याच वर्षी ग्रीनला पोट येईल आणि चेंडू भलतीकडे जाईल. दीड-दोन फूट माती उचला. मुरूम थरांनी टाका, प्रत्येक थर पाणी मारून दाबा. वर खडी, मग कच (दगडाचा बारीक चुरा), आणि रंधा मारल्यासारखी साफ पातळी. तुम्हाला हवे ते चढउतार कचीतच काढायचे, गवतात नाही. शिवाय एकूण एक-दोन टक्के उतार घरापासून लांब जाईल असा ठेवा, नाहीतर पाणी घराच्या पायात मुरेल.

गवत घेताना सांभाळा. सध्या गावोगावी बॉक्स क्रिकेटचे टर्फ झालेत, दुकानदार तेच किंवा शोभेचं लॉन दाखवेल. त्याची पाती उंच, चेंडू अडतो. पटिंगचं गवत दहा-पंधरा मिलिमीटरचं आणि दाट लागतं. त्यात कोरडी सिलिका वाळू झाडूने घोळवून भरायची, तेव्हा मास्क लावा, ती धूळ फुप्फुसाला वाईट. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. ११० चा पीव्हीसी पाईप चालेल असं मिस्त्री म्हणेल, पण ११० हे बाहेरचं माप, आतून तो कमी भरतो. होलमध्ये बसवायचे तयार कपच घ्या आणि खाली खडीपर्यंत निचऱ्याची वाट ठेवा, नाहीतर पावसाळ्यात प्रत्येक कप डासांचं घर. ग्रीनचा वेग मोजायला स्टिम्पमीटर लागतो. तीन फुटांची खाचेची पट्टी, साधारण वीस अंशांना उचलली की चेंडू सुटतो. तो जितके फूट घरंगळेल तो वेग. सुताराकडून लाकडी केली तरी दोन ठिकाणांची तुलना करण्यापुरती चालते.

तापीकाठ
तुम्ही सगळं बांधून दाखवलंत, पण पंधरा वर्षांनी हे उचलून कुठे टाकणार ते नाही सांगितलंत. आपल्या उन्हात प्लॅस्टिक किती टिकतं, हे शेतावरच्या मल्चिंग पेपरचे तुकडे बघून कळतं. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये मैदानांत भरायच्या रबरी दाण्यांवर मुदत घालून बंदी आणलीच ना?

मुरूम-खडी
ती बंदी प्लॅस्टिक-रबराच्या भरणीवर आहे, इथे भरण वाळूची आहे. पातीचा भुगा मात्र होतो, ते नाकारत नाही. म्हणून यूव्हीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांत टिकण्याची, लेखी हमी असलेलंच घ्या, स्वस्तातलं नको.

तापीकाठ
म्हणजे प्रश्न राहिलाच. आणि तुमच्याकडे निंब आहे का?

देवपूरकर
आहे, कोपऱ्यात. जुना आहे.

तापीकाठ
मग ऐका. फाल्गुनात पानगळ, चैत्रात बारीक फुलं, ती वाळूत जाऊन बसतात. पावसाच्या तोंडाला निंबोळ्या, त्यांचा चिकट गर गवताला धरतो. तुम्ही झाडायला कंटाळाल आणि एक दिवस कुऱ्हाड निंबावर जाईल. अशी झाडं गेलेली मी पाहिली आहेत.

देवपूरकर
निंब राहणार. ग्रीन ३० बाय १५ नाही, २० बाय १० करतो, निंबाची बाजू मातीचीच. कुरडयांना गच्ची आहे. आता भेगा पडल्याच आहेत, तर आधी एक खड्डा घेऊन काळी माती किती खोल लागते ते बघतो. फार खोल निघाली तर खर्चाचा पुन्हा विचार करावा लागेल.

तापीकाठ
माझा विरोध कायम आहे. पण खड्डा घ्याल तो निंबाच्या खोडापासून दहा-बारा फूट तरी लांब घ्या. दोन फूट माती उचलताना मुळं तुटली, तर झाड वाचवून काही उपयोग होणार नाही.